जमणी बाजू

पहिल्याच आठवड्यात मी रिक्षातून उतरले ती भलत्याच गल्लीत.
"जमणी बाजु, बेन, जमणी," याकुबभाई विचारत होते,
आणि मी मागे बसून मान डोलवत होते,
जमेल, जमेल, म्हणत.
वाशिमच्या कानाला जमणे म्हणजे जमणेच:
भाकरी जमणे, गणित जमणे, चार माणसांत जमणे.
इथे तो उजवा हात निघाला.
ज्या हाताने जेवायचं, तो.

खोली मांजलपुरात. खाली मंछाबेन राहतात,
त्यांनी वाटीभर डाळ वर पाठवली. डाळीत गूळ.
पहिले दहा दिवस मी तो चमच्याने शोधत होते,
बाजूला काढता येईल म्हणून.

बसच्या पाटीवर अक्षरांना डोक्यावरची रेघ नाही.
दोरी कुणीतरी सोडून नेली
आणि कपडे तसेच वाळताहेत, हवेत.
मकरपुरा मी आधी अंगलटीवरून ओळखायला लागले,
जसा लांबून येणारा मामा चालीवरून कळतो,
तोंड दिसायच्या आधी.

नोकरी अशी: गोळी पाण्यात टाकायची
आणि ती विरघळायला किती वेळ घेते ते मोजायचं.
सदतीस अंश, सहा भांडी, एक घड्याळ.
पंचेचाळीस मिनिटांत विरघळली नाही
तर अख्खा घाणा नापास.
माझ्यावर कुणी घड्याळ लावलेलं नाही,
हे बरं.

रविवारी मंछाबेनच्या धाकट्याची सायकल. सीट उंच,
ब्रेक एकाच चाकाला.
नियम केला: दिसेल त्या वळणाला जमणीच घ्यायची.
चार वेळा उजवीकडे वळलं की माणूस परत घरी येतो
असं भूमिती म्हणते.
या गावाला भूमिती कुणी शिकवलेली नाही.

एकदा पुलावर पोचले, तिथे स्कूटरी थांबलेल्या,
लोक कठड्यावर ओणवे.
खाली विश्वामित्रीच्या चिखलात मगर,
तोंड उघडं, ऊन खात.
"मोटी छे," एक बाई मला म्हणाली,
जणू आमच्या दोघींच्या भाचीबद्दल.
मी म्हणाले, "हा, मोटी."
गावात पहिल्यांदा
कुणाशी तरी माझं कामाशिवाय बोलणं झालं.

एकदा दांडिया बाजारात घड्याळाचा पट्टा तुटला.
दुकानात भिंगवाले डोळा वर न करता म्हणाले,
"बसा. कुठल्या तुम्ही?"
बसा! मी स्टुलावर जवळजवळ पडलेच.
दिघ्यांचे आजोबा इथे चार दिवसांसाठी आले होते,
कुणाच्या तरी मुंजीला.
"मग?"
"मग काय, हजी मुंज चालू आहे."
ते 'हजी' त्यांच्या लक्षातही आलं नाही,
आणि मला
त्यानंतरची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत.
पट्ट्याचे ऐंशी. मराठीचे काही घेतले नाहीत.

सेव उसळीच्या गाडीवरही एक सुचलं होतं,
"तरी" या शब्दावर. राहू दे.
तिखट होती, नाकातून पाणी आलं, अजून एक वाटी मागितली.

परवा मांडवीपाशी एक कुटुंब उभं, हातात पत्रिका,
लहानग्याच्या डोक्यावर जरीची टोपी, घामेजलेला.
अकोल्याकडचं वाटलं. विचारलं मात्र हिंदीत,
आणि विचारलं ते मला.
सायकल, पिशवीतून डोकावणारा मुळा, 
मी इथली दिसत असणार.
"सीधा," मी म्हणाले, "पछी जमणी बाजु,"
आणि एवढ्या थाटात हात केला
की त्यांनी आणखी कुणाला विचारलंच नाही.
टोपी गर्दीत बराच वेळ दिसत होती.

घरी येऊन मुळा किसताना
सुरी दुसऱ्या हातात घेतली,
तेव्हा आठवलं.
डाबी.
डाबी होती ती.

मंछाबेनना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या
की त्यांचा चष्मा पिठात पडला.
"जड़ी जशे," म्हणाल्या, सापडेल त्यांना.
मी मुळ्यात चिमूटभर साखर घातली.
कुणी सांगितलं नव्हतं.